कोरा तलाव

पट्टीकाकांना फक्त एक पाटी लावायची होती. दोन फूट बाय दीड फूट, पांढऱ्या रंगावर काळी अक्षरं: 'तलावात कचरा टाकू नये'. शब्द चार. या चार शब्दांपायी एका सरकारी माणसाला कमरेइतक्या पाण्यात उभं राहावं लागेल आणि त्यांच्या स्वतःच्या दिवाणखान्याची भिंत उघडी पडेल, असं त्यांना कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं असतं आणि पेपर वाचत बसले असते. काका त्या प्रकारचे गृहस्थ होते.

पट्टीकाका हे अर्थातच टोपणनाव. नकाशा कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे काढण्यात गेली आणि फुटपट्टीशिवाय रेघ मारायची नाही ही सवय अंगात इतकी मुरली, की वाणसामानाच्या यादीखालीही ते पट्टीनेच रेघ मारत. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्या ठाशीव अक्षरातली चिठ्ठी असे. 'मीठ', 'साखर', 'खुर्ची क्र. ३', 'पायपुसणे, पूर्वेकडील'. काकू म्हणत, "एवढ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्यात, पण मीठ हवं झालं की हाक मलाच."

दिवाणखान्याच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम होती. तीत कार्यालयाच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट होतं: 'चौतीस वर्षांच्या सेवेत यांच्या हातून एकही चूक झाली नाही.' घरी कुणी आलं तर काका त्या भिंतीकडे चुकूनही बघत नसत. फक्त पाहुण्याची खुर्ची अशी ठेवत, की त्याला दुसरीकडे कुठे बघता येऊ नये.

आता तलावाविषयी. तलाव इमारतीच्या मागेच, गॅलरीतून समोर दिसायचा. तसा लहानच. पूर्वी त्याला एक फेरी मारायला अकरा मिनिटं लागत, आता नऊ लागतात. काकांची चाल वाढलेली नव्हती. एका बाजूने कुणी घराचा मलबा आणून टाकला होता, दुसऱ्या बाजूने कुणी त्या मलब्यावर गाडी धुवायची सोय केली होती. जो ओढा तलावात यायचा, तो आता नळीतून यायचा आणि येताना साबणाचा फेस घेऊन यायचा. वारा सुटला की फेसाचे गोळे उडून दुसऱ्या मजल्यापर्यंत येत. उरलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरली होती, इतकी दाट, की पूर्वी खंड्या जिथे सूर मारायचा तिथे आता कावळे चालत फिरत. वासाबद्दल न बोललेलं बरं. इमारतीतले लोकही बोलत नसत, कारण बोलायला तोंड उघडावं लागतं.

हे सगळं काकांनी वर्षानुवर्षं गॅलरीतून पाहिलं आणि सोसलं. पण एका सकाळी त्या हिरव्या गालिच्यावर एक गादी येऊन पडली. चांगली डबल बेडची गादी, पाण्याने फुगलेली, वर एक बगळा. तीन दिवस ती हलली नाही. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "काय लोक असतात! स्वतःची गादी तलावात टाकायची! कुठल्या घरातले असतील हे?"

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, गॅलरीबाहेर पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि म्हणाल्या, "असतील कुठले तरी."

"मी पाटी लावणार आहे," काका म्हणाले.

काकूंच्या हातातली शेंग थांबली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि या माणसाने 'मी अमुक करणार आहे' असं वाक्य उच्चारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "लावा," त्या म्हणाल्या.

काकांनी चूक केली ती ही, की ते जिन्यात थांबले. तळमजल्यावर कंपाउंडर राहत, तिसऱ्या मजल्यावर वकील. कंपाउंडरांनी दवाखाना सोडून बारा वर्षं झाली होती आणि वकिलांकडे पक्षकार येऊन जवळजवळ तितकीच. दोघांकडेही सल्ला भरपूर शिल्लक होता.

"'नये' कशाला?" वकील म्हणाले. "'नये'ला कोण घाबरतं? खाली लिहा, 'अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल'."

"कोण करणार कारवाई?"

"ते लिहायचं नसतं."

कंपाउंडर म्हणाले, "लोक वाचत नाहीत हो. कवटी काढा. दोन हाडं, मध्ये कवटी. आमच्याकडे एका बाटलीवर होती, वीस वर्षांत कुणी हात लावला नाही."

"काय होतं बाटलीत?"

"गुलाबपाणी."

पाटी रंगवणारा मात्र व्यवहारी निघाला. त्याने मजकूर ऐकून घेतला, अक्षराची जाडी विचारली आणि म्हणाला, "काका, पालिकेचं परवानगीपत्र आणा. मागे एकाला 'येथे थांबू नये' रंगवून दिलं, तर मलाच तिथे दोन तास थांबवून ठेवलं."

म्हणून काका पालिकेत गेले. चौदा नंबरच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"कुठला तलाव?"

"आमच्या इमारतीच्या मागचा."

बाईंनी कपाटातून शहराचा नकाशा काढला, टेबलावर पसरला, त्यावर बोट फिरवलं. "तुमच्या इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे."

"नाही हो, तलाव आहे. मी रोज बघतो."

"तुम्ही काय बघता ते मी कशी सांगणार?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे मोकळी जागा आहे. गाड्या उभ्या करण्यासाठी राखीव. पुढच्या महिन्यात भराव टाकायला सुरुवात. काय म्हणालात, लोक तिथे कचरा टाकतात?"

"हो ना! मलबा टाकतात, गाद्या टाकतात…"

"म्हणजे निम्मं काम झालंय." बाईंनी तशी नोंद केली.

काकांना घाम फुटला. पाटी लावायला आलेला माणूस तलावच घालवून परत चालला होता. ते चाचरत म्हणाले, "पण नकाशा चुकीचा असेल तर?"

"नकाशा कार्यालयात जा. मूळ नकाशा बघा. तिथे तलाव असेल तर तसं पत्र आणा. पण तसं होत नाही हो. त्या कार्यालयात फार काटेकोर लोक होते म्हणतात."

काकांनी नम्रपणे मान खाली घातली.

नकाशा कार्यालय म्हणजे त्यांचं माहेरच. दप्तरखान्यातला म्हातारा दप्तरी अजून तिथेच होता. त्याने "या या, पट्टीसाहेब" म्हणत शिडी लावली आणि एकोणतीस वर्षांपूर्वीचा मूळ नकाशा खाली काढला. काकांनी तो उलगडला. रेघा सुरेख होत्या. एकही थरथरलेली नव्हती. अक्षरं टपोरी, समान अंतरावर. 'वा!' असं त्यांच्या मनात आलं, आणि मग कोपऱ्यातली सही दिसली. सही त्यांचीच होती.

तलावाच्या जागी काठाची रेघ होती. बरोबर, बारीकसारीक वळणांसह. आत काही नव्हतं. पांढरं.

आणि एकोणतीस वर्षांनी काकांना ते सगळं आठवलं. कार्यालयाचा नियम साधा: पाणी निळं, बाग हिरवी, रस्ता तपकिरी, मोकळी जागा पांढरी. त्या आठवड्यात निळी शाई संपली होती. काकांनी मागणीपत्र भरलं होतं, तीन प्रतींत. नकाशा वर पाठवायची घाई होती. म्हणून त्यांनी तलाव कोरा सोडला आणि त्यावर एक चिठ्ठी लावून दिली: 'निळी शाई आल्यावर भरावे.' चिठ्ठी लावली ती टाचणीने. डिंकाने नव्हे. डिंकाची बाटली त्या दिवशी शेजारच्या टेबलावर होती आणि मागायला त्यांना संकोच वाटला होता.

चिठ्ठी आता नव्हती. टाचणीची दोन भोकं होती, गंजाने तांबूस झालेली. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. दप्तरी म्हणाला, "काय झालं साहेब? वाळवी आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "मी आहे."

घरी येऊन ते सर्टिफिकेटसमोर बसले. स्वतःच्या पाहुण्याच्या खुर्चीत बसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे पाहुण्यांना काय सोसावं लागतं तेही त्यांना कळलं. काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी जिन्यात कुणाला सांगितलं नाही. पण कंपाउंडरांना चेहऱ्यावरून आजार ओळखता येतो, आणि त्यांनी ओळखलेला आजार वकिलांना कळायला एक जिना पुरतो.

"कबुली द्यायची नाही," वकील आल्या आल्या म्हणाले. "म्हणा, चिठ्ठी उंदराने खाल्ली."

"उंदराने फक्त चिठ्ठी खाल्ली? नकाशा ठेवला?"

"उंदराला काय आवडतं हे कोर्टात कुणी विचारत नाही."

कंपाउंडर म्हणाले, "एकदम सगळं सांगू नका. थोडं थोडं सांगा. आज म्हणा, शाई संपली होती. पंधरा दिवसांनी म्हणा, चिठ्ठी लावली होती. टाचणीचं महिन्याभराने. अंगाला सोसवलं पाहिजे."

दोघे गेल्यावर काका म्हणाले, "गप्प बसलं तर कुणालाच कळणार नाही."

"नाही कळणार," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल काढताना, बाहेर बघत म्हणाल्या, "हे घर बघायला आलो तेव्हा मी काय म्हणाले होते आठवतं?"

काकांना आठवत होतं. स्वयंपाकघर लहान होतं, नळाला पाणी नव्हतं, जिना अरुंद होता. काकू गॅलरीत आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "पाणी दिसतं. घेऊया." घर घेताना त्यांनी एवढंच म्हटलं होतं.

खाली एक ट्रक आला आणि त्याने विटांचे तुकडे काठावर ओतले. ठरलेल्या तारखेच्या वीस दिवस आधी. पालिकेचं कुठलंही काम वेळेआधी सुरू झालेलं काकांनी प्रथमच पाहिलं.

त्यांनी कागद घेतला, पट्टीने समास आखला आणि अर्ज लिहिला. 'सदर तलाव माझ्या चुकीमुळे कोरा राहिला आहे.' 'माझ्या' हा शब्द तीनदा लिहून तीनदा खोडला, म्हणून कागद चार लागले.

नकाशा कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि परत केला. "हे घेता येणार नाही."

"का?"

"तुमच्या हातून एकही चूक झाली नाही असं या कार्यालयाने लिहून दिलंय. शिक्क्यासकट. अर्ज खरा धरला तर सर्टिफिकेट खोटं. सर्टिफिकेट खरं तर अर्ज खोटा. कार्यालय खोटं कसं असेल?"

"पण चूक मी केलीय! मला माहीत आहे!"

"तुमच्या सांगण्याला काय अर्थ आहे? शिक्का आहे का तुमच्याकडे?" मग कारकुनाला दया आली. "असं करा, सर्टिफिकेट जमा करा. ते रद्द झालं की तुम्ही चुकायला मोकळे."

आयुष्यभर जपलेली अब्रू जमा करून पोच घ्यायची असते हे काकांना ठाऊक नव्हतं. घरी येऊन ते स्टुलावर चढले ('स्टूल, एकमेव') आणि त्यांनी फ्रेम उतरवली. मागे ओलीचा भलाथोरला डाग होता, बुरशी धरलेला.

"अरे! हे कधीपासून?"

"अकरा वर्षं," काकू म्हणाल्या. "सर्टिफिकेट आलं आणि बरोबर बसलं. नाहीतर मी कॅलेंडर लावणार होते."

अकरा वर्षं काकांना वाटत होतं की भिंत सर्टिफिकेटसाठी आहे.

सर्टिफिकेट जमा झालं, अर्ज दाखल झाला आणि आठवड्याभरात स्थळपाहणी ठरली. मोजणीदार आला. तरुण, इस्त्रीची पँट, हातात लांब टेप. पालिकेकडून चौदा नंबरच्या बाई आल्या. इमारतीतून वकील आणि कंपाउंडर आले, कारण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. काकू गॅलरीत उभ्या राहिल्या.

मोजणीदाराने काठावर उभं राहून समोर पाहिलं. जलपर्णीला त्या आठवड्यात जांभळी फुलं आली होती. उन्हात ते सगळं फार सुंदर दिसत होतं.

"पाणी कुठंय?" मोजणीदाराने विचारलं.

"खाली आहे. पाल्याखाली."

"मला हिरवं दिसतंय. फुलं दिसतायत." त्याने वहीत लिहायला घेतलं. "हिरवं म्हणजे बाग. तुमचाच नियम ना, साहेब?"

नियम काकांचाच होता. तो त्यांनी नव्या मुलांना चौतीस वर्षं शिकवला होता. "अहो, पण तो तलाव आहे," ते म्हणाले.

"मी दिसेल ते लिहितो. वर्षानुवर्षं आठवणींवर नकाशे काढून काय होतं ते बघतोय ना आपण." हे वाक्य काकांना लागलं. मोजणीदार टेपचं एक टोक कंपाउंडरांच्या हाती देऊन निघाला. "बागेची रुंदी घेतो."

"साहेब, पाऊल टाकू नका!" काका ओरडले. त्यांचा ओरडण्याचा सराव नसल्याने तो आवाज विनंतीसारखा आला.

मोजणीदाराने बागेत पाऊल टाकलं. एक पाऊल बागेने पेललं, दुसऱ्या पावलाला बाग सरकली. तो सरळ उभा, टेप हातात, चेहऱ्यावर कार्यालयीन भाव, असा कमरेपर्यंत खाली गेला आणि थांबला. कावळे उडाले.

"किती भरलं?" चौदा नंबरच्या बाईंनी विचारलं. त्यांनी पेन काढलं होतं.

मोजणीदाराने टेपकडे पाहिलं. सवय असते. "तीन फूट दोन इंच," तो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की खालचा चिखल त्याला सोडत नाहीये. "मला बाहेर काढा!"

वकील म्हणाले, "आधी साक्षीदार करा." कंपाउंडर म्हणाले, "हलू नका, पाणी तोंडात जाऊ देऊ नका, ते मी ओळखतो." ज्याला प्रत्यक्ष काही तरी सुचलं ते काकाच होते. काठाजवळ वेलींत ती गादी अडकली होती. काकांनी हातातल्या छत्रीच्या मुठीने तिला ढकलत ढकलत मोजणीदाराकडे लोटलं. त्याने तिला मिठी मारली. तिघांनी टेप ओढला आणि गादी, मोजणीदार आणि त्यांच्याबरोबर बरीचशी बाग काठावर आली.

पंचनामा तिथेच झाला. 'सदर बागेत तीन फूट दोन इंच पाणी आढळले, सबब ती बाग नसून तलाव आहे.' वकिलांनी सही केली आणि खाली आपली पदवीही लिहिली. काकांच्या छातीवरचं एकोणतीस वर्षांचं ओझं उतरलं. ते एवढे हलके झाले, की मोजणीदार बूट उलटे करून पाणी ओतत ओतत पुढे काय म्हणाला तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"ही गादी कुणाची? त्याचीही नोंद लागेल. तलावात आढळलेली वस्तू."

बाईंनी गादी पायाने उलटली. खालच्या बाजूला कोपऱ्यात कापडाचा तुकडा शिवलेला होता. इतके दिवस पाण्यात राहूनही अक्षरं शाबूत होती. टपोरी, समान अंतरावर.

"'गादी क्र. २,'" बाईंनी मोठ्याने वाचलं. "'उत्तरेकडील खोली.'"

वकिलांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडरांनी आभाळाकडे पाहिलं. ते अक्षर इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. मीटरच्या खोलीपासून गच्चीच्या टाकीपर्यंत तेच होतं.

काकांनी वर गॅलरीकडे पाहिलं. काकू आत गेल्या होत्या.

"माझी," काका म्हणाले. एकदा सवय झाली की तेवढं जड जात नाही.

जिना चढून ते घरी आले तेव्हा चहा तयार होता. "नवीन गाद्या आणल्या तेव्हा जुनी भंगारवाल्याला दिली होती," काकू म्हणाल्या. "तो कोपऱ्यावर वळला आणि त्याला जड झाली असेल."

"तू ओळखली होतीस?"

"पहिल्याच दिवशी. बगळ्याखालचा चहाचा डाग माझ्या हातचा होता."

"मग बोलली का नाहीस? मी पाटीसाठी जगभर फिरलो!"

"म्हणूनच नाही बोलले," काकू म्हणाल्या. "त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कशाच्या तरी मागे लागला होतात. गादी आपलीच आहे म्हटलं असतं तर गॅलरीचं दार लावून बसला असतात."

काकांनी चहा घेतला. खोट काढण्यासारखं काकूंच्या बोलण्यात काही सापडलं नाही.

पुढे सगळं रीतसर झालं. ट्रक यायचे थांबले. नकाशा दुरुस्त करायला काकांना बोलावणं आलं, कारण नियम होता: ज्याच्या हातची उणीव, त्याच्याच हाताने भरावी. निघताना काकूंनी त्यांच्या खिशात कपड्यांना लावायच्या निळीची पुडी टाकली. "तिथे शाई नसणार," त्या म्हणाल्या. शाई नव्हती. मागणीपत्र गेलेलं होतं, तीन प्रतींत. काकांनी वाटीत नीळ कालवली आणि दप्तरखान्याच्या खिडकीशी बसून काठाकाठाने, कुठेही रेघेबाहेर न जाता, तलाव भरला. टाचणीच्या दोन भोकांपाशी रंग जरा गडद बसला. खऱ्या तलावात इतकं निळं पाणी त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. पण आता निदान ते असायला हवं होतं हे कागदावर आलं.

पाटीही लागली. चारच शब्द, कवटीशिवाय. आणि पाटी लागल्यानंतर आठव्या दिवशी पालिकेचं एक पाकीट आलं. चौदा नंबरच्या बाईंची सही, गोल शिक्का: 'तलावात कचरा टाकल्याबद्दल नोटीस क्रमांक एक. वस्तू: गादी.'

काकांनी ती दोनदा वाचली. मग ते उठले, त्यांनी रिकामी फ्रेम पुसली, नोटीस आत सरळ बसवली आणि स्टुलावर चढून ती भिंतीवर टांगली. काकू दारातून बघत होत्या.

"थोडी डावीकडे," त्या म्हणाल्या. "खालचा कोपरा दिसतोय ओलीचा."

काकांनी फ्रेम डावीकडे सरकवली. ओल झाकली गेली. मग ते खाली उतरले आणि त्यांनी पाहुण्याची खुर्ची उचलून गॅलरीकडे तोंड करून ठेवली.